तेल येण्याआधीचा पंचनामा

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज कोल्हापुरात सुरू झालं. सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत पुन्हा गजबजली. चाळीस वर्षांहून अधिक काळ वकिलांनी, पक्षकारांनी, संघटनांनी आणि तालमी-मंडळांनी ही मागणी लावून धरली होती, त्यामुळे त्या दिवसाचा आनंद मोठा होता. त्या आनंदात एका गोष्टीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर यांच्याबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही या बेंचकडे आले. म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतचा सगळा किनारा आला. आमच्या शहराला समुद्र नाही. समुद्र पाहायचा तर गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरावा लागतो. पण समुद्राबद्दलच्या जनहित याचिका आता घाट चढून इथे येतील.

म्हणून एक प्रश्न मला कोल्हापुरातूनच विचारावासा वाटतो. उद्या रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या समोर, भर समुद्रात, मोठी तेलगळती झाली आणि तेल मालवणच्या, आचऱ्याच्या, विजयदुर्गच्या खाडीत शिरलं, तर न्यायालयासमोर आपण काय ठेवणार आहोत? कायदा आहे. संताप तर असेलच. पण त्या खाडीत तेल येण्याआधी काय होतं, याचा कागद आपल्याकडे नाही. तो कागद नसेल तर दोषी सापडूनही किनारा परत मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते जगभरातल्या अशा खटल्यांकडे पाहून झालेलं आहे.

ही भीती हवेतली नाही. १६ सप्टेंबर २०२२ रोजी रत्नागिरीच्या पश्चिमेला ४१ सागरी मैलांवर ‘पार्थ’ नावाच्या टँकरमध्ये पाणी शिरलं. संयुक्त अरब अमिरातीतल्या खोर फक्कानहून तो न्यू मंगळूरला निघाला होता. पोटात ३,९११ टन डांबर होतं, इंधनाच्या टाक्यांतलं तेल वेगळं. तटरक्षक दलाने जहाजावरच्या १९ जणांना सुखरूप काढलं आणि जहाज तळाला गेलं. त्याआधी ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, कांदळवनं काळी पडली आणि लोकांनी मासे खायचं सोडल्यामुळे, ज्यांच्या जाळ्याला तेलाचा थेंबही लागला नव्हता, त्यांचाही धंदा बसला. ४ ऑगस्ट २०११ ला ‘रॅक कॅरियर’ ६० हजार टन कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडालं. २५ मे २०२५ ला केरळसमोर ‘एमएससी एल्सा-३’ बुडालं. तारखा पुन्हा वाचा. मे, ऑगस्ट, ऑगस्ट, सप्टेंबर. सगळे अपघात पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर पावसाळ्यात झाले. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, तेल अडवणारे तरंगते पट्टे लाटांपुढे टिकत नाहीत आणि नैऋत्येचा वारा पाण्यावर जे असेल ते आपल्याच किनाऱ्याकडे लोटतो. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास गोव्यात आणि कोकणात वाळूवर डांबरगोळे येऊन पडतात. ते कुठल्या जहाजातून आले, हे सहसा कुणालाच कळत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला पंचनामा म्हणजे काय ते सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही भोगला आहे. पाणी ओसरलं की तलाठी येतो, भिंतीवरची खूण बघतो, सातबारा मागतो, पीकपेरा बघतो, घरपट्टीची पावती विचारतो. ज्याच्याकडे कागद होता त्याला थोडंफार मिळालं. भाड्याच्या खोलीत राहणारा, दुसऱ्याचं रान वाट्यानं करणारा, रस्त्याकडेला हातगाडी लावणारा, यांचं नुकसान खरं होतं. पण ते नुकसान होण्याआधी त्यांच्याकडे काय होतं, हे लिहिलेलं नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची तीन शिलाई मशिनं पाण्यात गेली. मशिनं होती, हे दाखवायला शेजाऱ्यांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं आणि शेजाऱ्यांचा शब्द फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

तरीही नदीच्या बाबतीत आम्ही बरे आहोत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे शाळकरी पोरही सांगतं. जुन्या पुरांच्या खुणा भिंतींवर रंगवलेल्या आहेत. कोणी म्हणालं की एवढं पाणी आलंच नव्हतं, तर आम्ही त्याला भिंतीपाशी नेतो. खाडीच्या गाळात तेल येण्याआधी तेलाचा अंश किती होता, एका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, किती निघत होत्या, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, कुठल्या महिन्यात किती बांगडा लागत होता, हे सांगणारी भिंत मात्र किनाऱ्यावर नाही.

समुद्राला सातबारा नाही आणि मासेमाराला पीकपेरा नाही. काही वर्षांपूर्वी मालवणजवळ सकाळी रापण ओढताना बघत उभा होतो. दोर ओढून झाल्यावर एका वयस्क रापणकारांना विचारलं, “तात्या, रोज किती मिळतं ते लिहून ठेवता का?” ते हसले आणि म्हणाले, “नोंद खंयची? गावला ता इकला, उरला ता खाल्ला.” त्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या तसंच चाललं आहे आणि समुद्र देत होता तोवर लिहायची गरजही पडली नाही. पण हेच उत्तर न्यायालयात उलटतपासणीत आलं, तर जहाजाच्या विमा कंपनीचा वकील दोन मिनिटांत दावा खाली आणेल.

मेक्सिकोच्या आखातातलं उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण त्यातला खटला कसा चालला हे इकडे फार कमी लिहिलं गेलं. २० एप्रिल २०१० ला ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि समुद्रतळाची विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी विहीर खोदून घेणाऱ्या बीपी कंपनीचा घोर हलगर्जीपणा मान्य केला आणि दोषाची वाटणी केली: बीपी ६७ टक्के, फलाटाची मालक ट्रान्सओशन ३० टक्के, सिमेंटचं काम करणारी हॅलिबर्टन ३ टक्के. मग प्रश्न आला की तेल नेमकं किती सांडलं, कारण दंड पिंपामागे होता. सरकार म्हणत होतं सुमारे ४२ लाख पिंपं. कंपनी म्हणत होती साडेचोवीस लाख. न्यायालयाने ३१ लाख ९० हजार मानली. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारकडे उपग्रह होते, विमानं होती, पाण्याखालचे कॅमेरे होते आणि तरीही मोजमापाच्या वादात एक चतुर्थांश दावा हातचा गेला. आपण कशाच्या बळावर उभे राहणार?

२०१६ मध्ये २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. त्यातले ८.८ अब्ज डॉलर केवळ निसर्गाच्या हानीसाठी आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने, पंधरा वर्षांत दिले जायचे आहेत. शिवाय स्वच्छ पाण्याच्या कायद्याखाली जो दंड झाला, त्याचा ८० टक्के हिस्सा आखाताच्या पाच राज्यांकडेच जावा, असा वेगळा कायदा अमेरिकी संसदेने २०१२ मध्ये केला होता. हा कायदा नसता तर तो दंड तेलगळतीसाठीच्या केंद्रीय निधीत गेला असता आणि आखाताबाहेरही खर्च झाला असता. मला ही तरतूद सगळ्या अब्जांपेक्षा महत्त्वाची वाटते. जिथली जखम, तिथलंच औषध.

पण या खटल्यात एक बाजू हरली. तेल पुसायला गेलेल्या हजारो मजुरांनी नंतर आजारांचे दावे लावले. बहुतेक टिकले नाहीत. कोणत्या रसायनाशी, किती वेळ, किती प्रमाणात संपर्क आला ते दाखवा, असं न्यायालय विचारत राहिलं आणि ते दाखवणाऱ्या नोंदी त्यांच्यापाशी नव्हत्या. शिक्षेच्या बाबतीतही तसंच झालं. कंपनीने ११ मृत्यूंसह गुन्हे कबूल केले आणि ४ अब्ज डॉलर भरले, पण एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. जबाबदारी माणसापर्यंत पोचलीच नाही, याचं दुःख आकड्यांनी कमी होत नाही.

आपल्याशी जास्त जवळचं उदाहरण मला तिमोर समुद्रातलं वाटतं. २१ ऑगस्ट २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या ‘माँटारा’ विहिरीतून तेल सुटलं आणि ७४ दिवस वाहत राहिलं. पलीकडे इंडोनेशियाच्या रोटे आणि कुपांग भागात समुद्री शेवाळाची शेती करणारे हजारो लोक होते. दोरांवर शेवाळ लावायचं, वाढलं की काढून वाळवायचं आणि विकायचं, एवढंच त्यांचं उत्पन्न. शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. डॅनियल सांडा या शेतकऱ्याच्या नावाने १५ हजारांहून अधिक जणांचा सामूहिक दावा २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयात उभा राहिला. तेलामुळेच आमचं शेवाळ मेलं, हे सांगायला गावोगावचे शेतकरी साक्षीला बसले. मार्च २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. गरीब माणूस परक्या देशाच्या न्यायालयात जिंकू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पण तेलापासून पैशांपर्यंत तेरा वर्षं गेली. ज्यांच्या मुलांची शाळा २००९ मध्ये सुटली, ती मुलं तोवर कर्ती झाली होती.

आपल्या देशाचा कायदा कागदावर कमजोर नाही, उलट काही बाबतींत तो फार पुढे आहे. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीनंतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, चूक कुणाची हे शोधत बसायचं नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व थेट लिहिलेलं आहे आणि अपघात असेल तर दोष सिद्ध न होताही भरपाई देता येते. ‘रॅक कॅरियर’ प्रकरणात लवादाने २०१६ मध्ये १०० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरवली, शिवाय कोळशाच्या मालकाला ५ कोटी. जहाज बुडून तेव्हा पाच वर्षं झाली होती. राजस्थानातल्या बिछडी गावाचं प्रकरण तर त्याहून बोलकं आहे. आम्लाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या, खटला १९८९ ला सुरू झाला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ ला आला आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरा, असं पुन्हा बजावावं लागलं. निकाल हातात असूनही पंधरा वर्षं विहिरीचं पाणी तसंच राहिलं.

कायद्यात एक मोठी फटही आहे. टँकरमधून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय करार आहेत, विमा आहे, एक सामाईक निधीही आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. पण तिथे भरपाईला कमाल मर्यादा आहे. साध्या मालवाहू जहाजाच्या बाबतीत मालकाला स्वतःची जबाबदारी जहाजाच्या टनांनुसार मर्यादित करून मागता येते. समुद्रातल्या तेलविहिरी आणि फलाटांसाठी तर जगभरात असा करारच नाही. मुंबई हाय आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. २७ जुलै २००५ ला एका मदतनौकेची धडक बसून तिथल्या उत्तरेकडच्या फलाटाला आग लागली, २२ जण गेले आणि अख्खा फलाट नाहीसा झाला. त्या दिवशी मुंबई आदल्या दिवशीच्या पावसातून सावरत होती, म्हणून या घटनेकडे देशाचं जेवढं लक्ष जायला हवं होतं तेवढं गेलं नाही. फलाटांच्या जबाबदारीचा वेगळा, मर्यादा नसलेला कायदा व्हायला हवा आणि ही मागणी किनाऱ्याच्या खासदारांनी संसदेत मांडायला हवी.

‘एल्सा-३’ च्या बाबतीत केरळने जे केलं ते कौतुकास्पद आहे. जहाज लायबेरियाच्या झेंड्याचं होतं, ६४० कंटेनर होते, त्यातल्या तेरांत घातक माल आणि टाक्यांत शेकडो टन फर्नेस तेल. तिरुवनंतपुरमच्या वाळूवर प्लास्टिकचे दाणे पसरले. राज्याने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज विळिंजमला आलं, तेव्हा उच्च न्यायालयाकडून ते अटकेत घेतलं. न्यायालयाने तारण म्हणून १,२२७ कोटी ६२ लाख ठरवले. हा अंतिम निकाल नव्हे, आणि एवढं तारण मिळणं ही छोटी गोष्टही नव्हे. पण ९,५३१ आणि १,२२७ या दोन आकड्यांमधलं अंतर शेवटी पुराव्यानेच भरून काढायचं आहे. राज्याच्या दाव्यातला सर्वांत मोठा भाग पर्यावरणाच्या हानीचा आहे आणि तोच भाग सिद्ध करायला सर्वांत अवघड आहे. आपल्यावर वेळ आली तर आपण ९,५३१ च्या बाजूला असू की १,२२७ च्या, हे आज ठरतं आहे.

आता पुनर्स्थापनेबद्दल, कारण खरा विषय तो आहे आणि सर्वांत कमी समजलेला आहे. तेल पुसलं म्हणजे किनारा बरा झाला, असं बहुतेकांना वाटतं. अलास्कात २४ मार्च १९८९ ला ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे टँकर जहाज खडकावर चढलं आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं. तेव्हा किनाऱ्याचे दगड गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्यात आले. दगड स्वच्छ दिसू लागले, पण त्यांच्याखाली तग धरून राहिलेले जीव फवाऱ्याने मेले. काही ठिकाणी न धुतलेला किनारा धुतलेल्यापेक्षा लवकर सावरला. कांदळवनाचं तर आणखी नाजूक असतं. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर येतात, त्यांच्यावर जाड तेल बसलं की झाड गुदमरतं. ते काढायला शंभर माणसं चिखलात उतरवली, तर पायांनी तेल आणखी खोल जातं. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा लोक बादल्या घेऊन, हातांनी तेल भरत होते. त्यांच्या धडपडीला माझा नमस्कार आहे. पण त्यांना हातमोजे न देता, काय करावं आणि काय करू नये हे न सांगता तिथे उतरवणाऱ्या व्यवस्थेला क्षमा नाही.

अलास्कातून आणखी एक शिकण्यासारखं आहे. १९९१ च्या तडजोडीत ९० कोटी डॉलर ठरले आणि एक कलम घातलं गेलं: आज न दिसणारी हानी पुढे दिसली, तर आणखी १० कोटी डॉलरपर्यंत मागता येतील. १९९३ मध्ये तिथला हेरिंग मासा कोसळला. वाळूखाली तेल वर्षानुवर्षं ताजं सापडत राहिलं. २००६ मध्ये सरकारांनी त्या कलमाखाली सुमारे ९ कोटी २० लाख डॉलर मागितले. कंपनीने दिले नाहीत आणि २०१५ मध्ये मागणीच सोडून देण्यात आली. मासेमारांच्या बाजूने ज्युरीने दिलेले ५ अब्ज डॉलर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जवळपास ५० कोटींवर आले होते. तोवर अनेक वादी वारले होते. आखाताच्या तडजोडीत या अनुभवातून शहाणपण आलं. पुढे उघड होणाऱ्या हानीसाठी ७० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम तिथे आधीच वेगळी धरली गेली. आपल्या प्रत्येक हुकूमनाम्यात असं कलम असायला हवं आणि ते कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नसावं.

आखातातल्या पैशांनी काही कामं फार सुंदर झाली. लुईझियानात क्वीन बेस नावाचं बेट पेलिकन पक्ष्यांचं घर होतं, ते झिजून पाच एकरांच्या आसपास उरलं होतं. २०२० पर्यंत गाळ-वाळू टाकून ते ३७ एकरांचं केलं आणि पक्षी परत आले. याच निधीतून बाराटारिया खोऱ्यात मिसिसिपी नदीचा गाळ सोडून दलदल पुन्हा घडवायची सुमारे ३ अब्ज डॉलरची योजना आखली गेली. २०२३ मध्ये काम सुरू झालं. शास्त्रज्ञ तिच्या बाजूने होते. कोळंबी आणि कालवं धरणारे विरोधात होते, कारण गोड पाणी आलं की खाऱ्या पाण्यातली कालवं मरतात. जुलै २०२५ मध्ये राज्याने योजना गुंडाळली. कोण बरोबर, यावर मी इथे निकाल देणार नाही. माझ्या मते शास्त्रज्ञांच्या म्हणण्यात मोठं तथ्य होतं. पण ज्यांच्या ताटातून घास जाणार होता, त्यांना पहिल्या बैठकीपासून निर्णयात धरलं असतं, त्यांच्या नुकसानीचा हिशेब आधी मिटवला असता, तर एवढ्या पुढे गेलेलं काम असं अर्धवट राहिलं नसतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही. म्हणून कोकणात उद्या असा निधी आला, तर त्याच्या विश्वस्तांत सरकारी अधिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्याइतकीच जागा रापणकारांना, खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना आणि मासे विकणाऱ्यांना हवी. मुंबईतलं एखादं खातं कोकणासाठी निर्णय घेईल, ही पद्धत चालणार नाही.

हे मी पंचगंगेच्या काठावर राहून लिहितो आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन वाहणाऱ्या या नदीवर केंदाळ पसरतं, शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो, मोर्चे निघतात, नोटिसा निघतात, दंड होतात, याचिका होतात. यातून नदीला काय परत मिळालं, हे विचारलं तर उत्तर देता येत नाही. दंडाचा रुपया नदीच्या नावाच्या खात्यात जमा होत नाही, म्हणून नदीपर्यंत पोचत नाही. आणि चाळीस वर्षांपूर्वी या पाण्यात कोणते मासे होते, याची पद्धतशीर यादी आपण वेळेत केली नाही. म्हातारी माणसं नावं सांगतात. ती गेली की नावंही जातील. जी चूक आपण नदीच्या बाबतीत केली, ती समुद्राच्या बाबतीत करायला आता सबब नाही.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला असा की एवढी कडक जबाबदारी लादली तर जहाजं, बंदरं, गुंतवणूक निघून जाईल. अमेरिकेने १९९० मध्ये तेलप्रदूषणाचा कडक कायदा केला, तेव्हाही टँकर त्यांच्या बंदरांकडे फिरकणार नाहीत असं सांगितलं गेलं होतं. टँकर येत राहिले आणि हळूहळू दुहेरी कवचाचे झाले. व्यापाराला नियम कळले की तो त्यांच्या हिशेबाने चालतो, विमा वाढवतो, जहाज सुधारतो. नाणार असो, बारसू असो किंवा उद्याचं कुठलं नवं बंदर, जो उद्योग किनाऱ्यावर येऊ इच्छितो त्याने येण्याआधीच किनाऱ्याच्या मोजणीचा खर्च उचलावा, यात गैर काय आहे? दुसरा आक्षेप असा की समुद्र मोठा आहे, स्वतःला धुऊन काढतो. हलकं डिझेल उडून जातं, हे खरं आहे. फर्नेस तेल उडत नाही. ते गाळात बसतं आणि गाळ जिथे असतो तिथेच, खाडीत, माशांची पिल्लं वाढतात.

आधीचा पंचनामा करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था मासळीच्या आवकेचे अंदाज नमुन्यांवरून काढतेच, पण ते मोठ्या पट्ट्याचे असतात. एका रापण संघाचं किंवा एका खाडीचं नुकसान त्यातून सिद्ध होत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, कांदळवनांसाठी राज्याचा स्वतंत्र कक्ष २०१२ पासून आहे. दर खाडीत चार-पाच ठरलेल्या जागांवर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गाळ आणि पाणी तपासायचं. कांदळवनाचे ठरलेल्या ठिकाणांवरून फोटो काढायचे. वेळाससारख्या गावांनी कासवांच्या घरट्यांची मोजणी करून दाखवली आहे आणि ती गावकऱ्यांनीच केली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे, त्याच्या तळाची अवस्था लोकांना वाचता येईल अशा मराठीत प्रसिद्ध व्हावी. या सगळ्यावर तलाठ्याच्या पंचनाम्यासारखीच गावच्या पंचांची सही हवी. प्रयोगशाळेचा अहवाल आणि गावाची सही एकत्र असली, तर तो कागद कुठल्याही न्यायालयात उभा राहील.

जहाज अटकेत घेण्याचे दावे त्यांच्या वाटेने जातील, हरित लवादाचे पुण्याच्या पीठाकडे जातील. पण ही आधीची मोजणी सरकारने करावी आणि दरवर्षी जाहीर करावी, असा आदेश मागणारी जनहित याचिका कोल्हापूरच्या बेंचपुढे मांडता येते आणि त्यासाठी तेल येण्याची वाट पाहावी लागत नाही. बेंचसाठी लढलेल्या आमच्या वकील मंडळींनी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमार संघटनांबरोबर बसून ती तयार करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. कोकणातल्या माणसांनी या बेंचची वाट आमच्याइतकीच पाहिली आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, माणसं घरी असतात. या ६१ दिवसांत प्रत्येक रापण संघाला आणि प्रत्येक मच्छीमार सोसायटीला एक वही द्यावी: तारीख, जागा, कोणता मासा, किती टोपल्या, काय भावाने गेला. पाच रकाने पुरतात. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात गेला की पहिली ओळ लिहायची.